आंदण दिलेलं गिऱ्हाईक

"दुकान कुठं काढणार?"

काकूंनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द ओठांच्या एका कडेनं बाहेर येत होते. मी त्यांच्या ब्लाउजच्या दुकानात काम मागायला गेले होते. काम मागायला आलेल्या बाईला मालकीणच विचारते, तू स्वतःचं दुकान कुठं काढणार! मला वाटलं, ही परीक्षा आहे, माझी निष्ठा तपासतायत. म्हणून मी शक्य तितका भोळा चेहरा केला आणि म्हणाले, "छे छे, काकू, दुकान कसलं? मी कायम तुमच्याकडेच राहणार."

काकूंनी टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कायम? मंग शिकून काय करणार, लोणचं घालणार?"

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. गोड शब्द त्यांच्या तोंडात औषधालाही सापडत नाही, आणि तरी त्यांच्या दारातली गर्दी हटत नाही. सातपूरच्या कामगार वस्तीत घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून काकूंनी दुकान काढलं होतं. कारखान्याची पाळी सुटली की समोरून मोटारसायकलींचा लोंढा जायचा आणि काकू मशीन थांबवून कोणाचा नवरा कोणाला मागे बसवून चाललाय ते पाहून घ्यायच्या. त्या मूळच्या निफाडकडच्या. शहरात हयात गेली, पण 'लय' आणि 'नाय' काही त्यांनी सोडलं नाही. ब्लाउजशिवाय दुसरं काही त्या शिवत नसत. "ब्लाउजच अजून पुरता येत नाय, ड्रेस कधी शिकू?" असं ड्रेसवाल्या गिऱ्हाइकाला सांगून वाटेला लावायच्या.

माझ्याकडे माहेरच्या गावच्या, देवळ्याच्या शिवणक्लासचं सर्टिफिकेट होतं. लग्न होऊन नाशिकला येताना मी ते दागिन्यांच्या डब्याखाली जपून आणलं होतं. काकूंनी ते हातात घेतलं, उलटं केलं, मागची कोरी बाजू पाहून खूश झाल्या आणि तिच्यावर खडूनं मुंढा काढून दाखवला. "हा असा वळतो. तुझ्या क्लासात कसा वळत होता?" मुंढा म्हणजे बाही जोडायची जागा. ब्लाउजची सगळी भांडणं तिथेच होतात. माझ्या सर्टिफिकेटचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

काकूंच्या दुकानात एक नियम होता. नवीन बाईनं पहिला ब्लाउज स्वतःचा शिवायचा आणि आठवडाभर तोच घालून कामाला यायचं. मी शिवलेल्या पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या. हे कसं होतं असं ज्यांना शिवता येत नाही ते विचारतील. ज्यांना येतं त्या आता हसत असतील. उजवा हात वर केला की सगळा ब्लाउज पाठीकडून वर सरकायचा. बसमध्ये मला दांडी धरता येईना. त्या आठवड्यात मी ड्रायव्हरच्या मागच्या खांबाला मिठी मारून प्रवास केला. कंडक्टरनं एकदा काळजीनं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

दुकानात आल्या आल्या काकू म्हणायच्या, "हात वर कर." मी करायची. जितका व्हायचा तितका. "कुठं धरतंय?" "इथे, काखेत." "मंग तिथंच चुकलंय. आता मला विचारू नको, काखेला विचार."

कापताना त्यांचं आणखी एक वाक्य ठरलेलं असायचं. "आत दोन बोटं माया ठेव. बाया वाढतात." शिवणीच्या आत ठेवायच्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो. मी सुरुवातीला कापड वाचवण्याच्या उत्साहात ती ठेवत नसे. दिवाळीनंतर सगळ्या ब्लाउजांची परत वरात यायची आणि उसवायला आत काही नसायचं, तेव्हा काकू गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "हिला वाटलं तुम्ही फराळ करणार नाय."

काकूंचं कापायचं टेबल रस्त्याच्या बाजूला होतं. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून पाहावं, असं. आमच्या रस्त्यावर आणखी एक लेडीज टेलर होते. ते पडद्याआड कापायचे आणि त्यांच्या कारागिरांना फक्त शिवायला मिळायचं. या धंद्यात हीच रीत आहे. शिवणं कोणालाही येतं, कापणं आलं की माणूस दुकान काढतो. ते टेलर एकदा काकूंना समजवायला आले. "वहिनी, कटिंग दाखवू नका. उद्या ह्याच बायका तुमच्यासमोर उभ्या राहतील."

"राहू द्या की," काकू म्हणाल्या. "एकटीनं कापून कापून माझा खांदा गेला, भाऊ. आज हिनं कापलं तर मी बसून चहा पिते. उद्याचं उद्या."

त्या फार उदार होत्या असं मात्र समजू नका. कोणी दुकान सोडून निघालं की काकू आठवडाभर तिच्या नावानं बोटं मोडायच्या. ती कशी काज वाकडं करायची, कशी चहात दोन चमचे साखर जास्त घ्यायची, सगळं निघायचं. मग एका दुपारी शटर अर्धं ओढून त्या तिच्या नव्या दुकानात जायच्या, टांगलेल्या ब्लाउजची शिवण उलटी करून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बरं हाय. काज अजून भिकार हाय." एवढं झालं की त्या पुन्हा तिचं नाव नीट घ्यायला लागायच्या.

आणि एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. निघणाऱ्या प्रत्येकीला काकू आपलं एक गिऱ्हाईक द्यायच्या. लेकीला आंदण द्यावं तसं. त्या गिऱ्हाइकाला त्या स्वतः सांगायच्या, "आता तुमचं माप हिच्याकडं." पण आम्ही पाहिलं होतं, की दिलेलं गिऱ्हाईक कधी गरीब गाईसारखं नसायचं. एकीला मिळाली ती बाई हातरुमालाएवढं कापड आणून कोपरापर्यंत बाही मागायची. दुसरीला मिळाली ती लग्नाला निघालेली गाडी दारात उभी करून गळा खोल करायला सांगायची. काकू सूड घेतात, असं आमचं सगळ्यांचं ठाम मत होतं.

मी निघायचं ठरवलं तेव्हा काकूंना सांगायचा मला धीर होईना. तीन गल्ल्या सोडून एक गाळा बोलून ठेवला होता. मशीन घेतलं होतं. तरी रोज भोळा चेहरा करून कामाला जात होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "नवी टेप घेतलीस. इथली टेप तर धड हाय. कधी काढतेस दुकान?" मी रडायला लागले. मला वाटलं, त्या मला समजावतील, जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "टेबलावर रडू नको, साटिन हाय." आणि मग म्हणाल्या, "तुला सूतभर देते."

माझं रडणं एकदम थांबलं.

सूतभर म्हणजे गणिताच्या एक शिक्षिका. हे नाव अर्थातच आम्ही पाठीमागे ठेवलेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाई आरशासमोर उभ्या राहायच्या, दोन्ही हात वर करायच्या, फळ्यावर लिहिल्यासारखा उजवा हात फिरवायच्या, खाली वाकून खडू उचलायच्या आणि मग सांगायच्या, "इथे सूतभर ढिला आहे." आम्ही शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजमध्ये त्यांना सूत सापडायचं. काकूंनी कापलेला ब्लाउज मात्र त्या न बोलता घेऊन जायच्या. मला वाटायचं, त्यासुद्धा काकूंच्या तोंडाला घाबरतात.

तर सूतभर माझ्या वाट्याला आल्या. दुकानाच्या उद्घाटनाला पेढा खाऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते पेढ्याबद्दल नव्हतं. "उजेड डावीकडून हवा," त्या म्हणाल्या. "सावली पडली की कात्री चुकते." मी मशीन हलवलं. मग त्यांचा पहिला ब्लाउज सुरू झाला आणि तो संपेचना. मी उसवायची, शिवायची, उसवायची. त्या स्वतःची टेप पर्समधून घेऊन यायच्या. माझ्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. नवरा एकदा म्हणाला, "एकाच ब्लाउजवर पीएचडी चाललीय का तुझी?" मी काकूंना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की देवळ्याच्या बाजारातसुद्धा तेवढ्या ऐकू येत नसतील.

पण एक दिवस सूतभरबाईंनी हात वर केले, फळ्यावर लिहिलं, खडू उचलला आणि न बोलता ब्लाउज पिशवीत घातला. मी चकित होऊन त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका आल्या. मग त्यांच्या बहिणी, जावा, शेजारणी. "बाईंना तुमचं चालतं म्हणजे डोळे झाकून द्यायचं," असं त्या म्हणायच्या. माझं दुकान चाललं ते असं. पाटीवर मी 'फॅन्सी ब्लाउज स्पेशालिस्ट' लिहून घेतलं, जणू हे सगळं माझ्याच अकलेनं घडलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मिळाल्यावर मीही काकूंसारखीच झाले असेन. मी पडदा लावला. हो. दुकान वाढलं, हाताखाली बायका आल्या आणि मी कापायच्या टेबलाभोवती जाड निळा पडदा लावला. कोणी विचारलं तर सांगायची, धूळ येते. धूळ फक्त मुंढा कापतानाच यायची.

त्या बायकांमध्ये वनिता होती. पेठ तालुक्याकडची, बोलायला हळू, हाताला चपळ. तिला मी काकूंचा प्रश्न विचारला नाही. मी विचारलं, "सोडून तर जाणार नाहीस ना?" तिनं भोळा चेहरा केला. "नाही ताई, कायम तुमच्याकडंच राहीन." तो चेहरा मी ओळखायला हवा होता. आरशात वापरून पाहिलेला माझाच होता तो. तरी मला बरं वाटलं.

मी पडद्याआड जायची आणि तिला बाहेर कामाला लावायची. "वनिता, हूक लाव. वनिता, चहा सांग. वनिता, जरा झाडून घे." ती सगळं करायची. आणि एका सकाळी तिनं मला सांगितलं, की रस्त्यापलीकडचा, अगदी माझ्या समोरचा गाळा तिनं घेतलाय.

"पण तुला कापता कुठे येतं?" मी म्हणाले. मला खरंच आशा होती.

तिनं मान खाली घातली. "ताई, कातरण मीच तर झाडायची."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. मुंढा कापला की जो चंद्रकोरीसारखा तुकडा खाली पडतो, गळ्याचा जो तुकडा पडतो, ते सगळे तुकडे माझ्या पडद्याखालून तिच्या झाडूसमोर येत होते. ती ते घरी नेऊन जमिनीवर मांडायची. काय पडलं ते कळलं की काय उरलं ते कळतंच. मी एवढा जाड पडदा लावला, आणि आतलं सगळं खालच्या फटीतून तिच्याकडे ढकलत राहिले. वर म्हणायची, नीट झाड, एक तुकडा राहता कामा नये.

मी तडक काकूंकडे गेले. त्यांचं दुकान तोपर्यंत बंद झालं होतं. डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. बंद शटरच्या मागच्या खोलीत पलंगावर बसलेल्या असायच्या. मी रडगाणं सुरू केलं आणि ते ऐकता ऐकता काकूंनी माझा दंड धरला, माझ्या बाहीची कड उलटी केली आणि शिवणीवरून, कडेच्या काजावरून अंगठा फिरवला.

"काकू, ती समोर दुकान काढतेय. अगदी समोर! माझी अर्धी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून जातील."

"तू कुठं काढलंस?"

"तीन गल्ल्या सोडून."

"का बरं?"

"तुमची भीती वाटायची म्हणून."

"मंग ती तुझ्यापरीस धीट हाय. चांगली शिकवलीस."

"मी कुठे शिकवलं? मी तर पडदा लावला होता!" आणि मी कातरणीची हकिगत सांगितली. काकू हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिऊन त्या पुन्हा हसल्या. "पडदा लावलास आणि झाडायला तिलाच ठेवलीस! अगं, तू तर माझ्यापरीस बरी मास्तरीण." मला राग आला आणि थोड्या वेळानं मीही हसले. दुसरं काय करणार?

मग त्या शांत झाल्या. "तिला आंदण काय देणार?"

"काय देऊ?"

"सूतभर दे."

"सूतभर?" मी जवळजवळ ओरडले. "काकू, ते माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आहे! त्यांच्या शब्दावर माझं दुकान उभं आहे."

"माझंबी व्हतं," काकू म्हणाल्या.

त्यांनी माझी बाही सरळ केली आणि दंडावर दोनदा थोपटलं. "काज आता बरं जमतंय तुला," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाची केलेली ही एकच स्तुती. मला घरी जाताना बसमध्ये दांडी धरता आली, पण डोळ्यांसमोरचं काही दिसत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. त्यांच्या दारात आम्ही सगळ्या जमलो, सातपूरपासून पार नाशिकरोडपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या पाट्या लागल्या होत्या त्या सगळ्या. धंद्यात एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता प्रत्येकीची नजर दुसरीच्या मुंढ्यावर होती. मिठी मारताना माझ्या पाठीवरून कोणाचा तरी अंगठा शिवण तपासत गेला. काकू असत्या तर त्यांनी नक्की विचारलं असतं, कुणाचा बरा हाय?

वनिताच्या दुकानाचं उद्घाटन झालं. मी गेले, पेढा खाल्ला, टांगलेल्या ब्लाउजची शिवण उलटी करून पाहिली. आत दोन बोटं माया होती. "बरं आहे," मी म्हणाले. पुढे काजाबद्दल वाईट बोलायचा प्रयत्न केला, पण काज चांगलं होतं.

आणि मग माझ्या दुकानात सूतभरबाई आल्या. शाळेतून त्या कधीच निवृत्त झाल्यात. हातात मरून रंगाचा खण आणि मापाचा ब्लाउज. मी खण हातात घेतला, परत काउंटरवर ठेवला, पुन्हा घेतला. आदल्या दिवशी मी पाठ केलेलं वाक्य काही केल्या आठवेना.

"बाई," मी म्हणाले, "आता तुमचं माप समोर वनिताकडे."

त्यांनी चष्मा काढला. "का? मी जास्त बोलले का काही?"

"नाही बाई. काकूंनीच सांगितलं होतं."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुझ्याकडे पाठवलं तेव्हा मी तुझ्या काकूंशी अबोला धरला होता, ठाऊक आहे तुला? आयुष्यभर त्यांच्या हातचा ब्लाउज घातला, आणि म्हणे नवशिकीकडे जा. मी म्हटलं, मला का शिक्षा? तर म्हणाल्या, बाई, तुम्ही नाही गेलात तर पोरगी बिघडेल." त्यांनी खण उचलून पिशवीत घातला. मापाचा ब्लाउजही घातला. "माझं वय झालं आता. अजून किती जणींना मी शिकवायचं?"

उत्तराची वाट न पाहता त्या पायऱ्या उतरल्या, दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला आणि समोरच्या दुकानात शिरल्या. पायऱ्या उतरण्याआधी माझ्या टेबलाकडे बघून एवढंच म्हणाल्या होत्या, "तो पडदा काढ. अंधारात कापतेस."

पडदा मी काढला. त्याचं आता मशीनवरचं आच्छादन केलंय. त्यामुळे कापताना समोरचं दुकान मला लख्ख दिसतं, आणि समोरून माझं टेबलही.

काही दिवसांनी मी एक मुंढा कापायला बसले होते, तेव्हा समोरच्या दुकानात आरशापुढे सूतभरबाई उभ्या दिसल्या. अंगात मरून ब्लाउज. त्यांनी दोन्ही हात वर केले. फळ्यावर लिहिलं. वाकून खडू उचलला. आणि रस्त्यावरून एक रिक्षा फटफटत गेली तरी तिच्या वरताण त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"इथे सूतभर ढिला आहे."

वनितानं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता. मला वाटलं, उठावं आणि पळत जाऊन सांगावं, काकू, पाठवलं हो मी, जमलं मला. मी अर्धवट उठलेसुद्धा. पण सांगायचं कुठे जाऊन? आणि तोंडात तर टाचण्या होत्या.